डाव्या स्पीकरची उलटी तार

काकूंनी नवऱ्याच्या डाव्या स्पीकरची तार पहिल्यांदा उलटी लावली ती एका मंगळवारी दुपारी, दुकानात तापाचं खोटं कारण सांगून. लावून झाल्यावर त्यांनी हात धुतले, पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. झाला नाही तर नाही, उगाच कशाला सांगायचं?

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. पुढे मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि मागच्या खोलीत काकू काचा घासून फ्रेमीत बसवायच्या. दिवसभर प्लस आणि मायनस, डावा डोळा आणि उजवा डोळा. अदलाबदल झाली तर गिऱ्हाईक जिन्यावरून गडगडायचं, म्हणून प्रत्येक काचेवर शाईचा ठिपका द्यायची त्यांची सवय. गल्लीत सगळे त्यांना चष्मेवाल्या काकू म्हणत. घरात मात्र त्यांचं नाव होतं शिट्टी. हे नाव नवऱ्याने ठेवलेलं.

नवरा पंपांच्या कारखान्यात तपासनीस होता. तयार झालेला पंप उलटासुलटा करून त्यात खोट काढायची आणि ‘नापास’चा शिक्का मारायचा, हे त्याचं काम. काम चांगलं करायचा, त्यात वाद नाही. फक्त संध्याकाळी घरी येताना तो शिक्का कारखान्यात ठेवून यायला विसरायचा. भाजी नापास, पडदे नापास, मुलीचे मार्क नापास. घरात पास झालेली वस्तू एकच, पुढच्या खोलीतला हायफाय. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं म्हणतात ना, तसे हे झाले. मित्र त्याला कानसेनच म्हणायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

पुढची खोली ही काही माणसांची खोली नव्हती. दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, छातीपर्यंत येणारे. मधल्या भिंतीशी अँप्लिफायर. समोर एकच खुर्ची, तिचे पाय कुठे टेकायचे तिथे फरशीवर खुणा केलेल्या. त्या खुर्चीत कानसेन सोडून कोणी बसायचं नाही. आणि अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत केबली, चांगल्या मनगटाएवढ्या जाड. त्या फरशीला टेकायच्या नाहीत, टेकल्या तर म्हणे फरशीची थरथर आवाजात उतरते, म्हणून लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या. स्वयंपाकघरातून बाहेरच्या दाराशी जायचं तर वाट त्यांच्यावरूनच. काकूंचं अर्धं आयुष्य स्वतःच्या घरात पाय उचलून चालण्यात गेलं.

लग्न नवीन होतं तेव्हा त्याने एकदा बायकोला हौसेने समोर बसवलं होतं. आधी एक केबल लावून गाणं ऐकवलं, मग दुसरी लावून तेच गाणं. ‘सांग, काय फरक वाटला?’ ती बिचारी खरं बोलली. ‘मला दोन्ही सारखंच वाटलं.’ पुढच्या रविवारी मित्रमंडळी जमली तेव्हा त्याने ही गोष्ट सांगितली आणि वर म्हणाला, ‘हिला देवाने कान दिलेत ते कुकरच्या शिट्ट्या मोजायला!’ सगळे पोट धरधरून हसले. तेव्हापासून शिट्टी. मित्र तोंडावर वहिनी म्हणायचे, पाठीमागे शिट्टी. नवरा आपला सरळ खोलीतून हाक मारायचा, ‘शिट्टी, चहा टाक गं!’

रविवारी मंडळी यायची. एक दातांचा डॉक्टर, एक विम्याचा एजंट आणि कोणी ना कोणी नवशिका. नवशिका आला की कानसेनांचं प्रवचन ठरलेलं. तार बारीक आणि लांबलचक असली तर खालचे सूर ढिले पडतात. सांधा सैल असला तर आवाज खरखरतो. आणि मग तो स्पीकरच्या मागे नेऊन दाखवायचा, ‘या दोन खुंट्या बघा. एक लाल, एक काळी. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस. दोन्ही स्पीकरचे पडदे एकदम पुढे आले पाहिजेत, एकदम मागे गेले पाहिजेत. एका स्पीकरला तार उलटी लागली की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघे एकमेकांचं खातात. खालचा सूर गायब. मधोमध उभा राहून गाणारा माणूस घर सोडून जातो, कुठून गातोय तेच कळत नाही.’

‘म्हणजे नवरा-बायकोसारखं,’ विमावाला दर वेळी म्हणायचा.

‘पण असली चूक करणारा गाढव माझ्या घरात पाय ठेवणार नाही,’ असं म्हणून कानसेन प्रवचन संपवायचा. काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या असायच्या. हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना पाठ झालं होतं.

त्यांना एकच मुलगी. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. ती पाच-सहा महिन्यांचं बाळ घेऊन पंधरा दिवस राहायला आली. काकूंनी दुकानातून दोन दिवसांची रजा काढली, झबली शिवली, सगळं साग्रसंगीत. रविवारी मंडळी जमली आणि बाळ रडायला लागलं. दात येत होते त्याचे, रडणार नाही तर काय करील? कानसेन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. मान वळवून म्हणाला, ‘त्याला घेऊन बाहेर जा. जिन्यात उभी राहा.’ बाहेर गारठा मरणाचा. पोरगी बाळाला शालीत गुंडाळून जिन्यात उभी राहिली, आत गाणं संपेपर्यंत. दंतवैद्य आत बसून मान डोलवत होता, त्यालाही काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने बॅग भरली. काकूंनी हात धरला, तर म्हणाली, ‘आई, या घरात माणसाला जागा नाही. मी आता येणार नाही. आणि तू अडवूही नकोस, तुला कधी काही अडवता आलंय?’

गेली. मंगळवारी काकूंनी तार उलटी लावली.

नेमक्या आदल्याच दिवशी कानसेनने नव्या केबली आणून लावल्या होत्या, हा योग बघा. संध्याकाळी तो खुर्चीत बसला, गाणं लावलं, कपाळाला आठी पडली. मग आठी गेली. नवी केबल रुळायला वेळ घेते, ही त्या लोकांची श्रद्धाच. रविवारी त्याने मित्रांना सांगितलं, ‘ऐका, आवाज कसा पसरलाय! भिंती राहिल्याच नाहीत.’ मित्रांनी ऐकलं. ‘वा!’ डॉक्टर म्हणाला. ‘क्या बात है!’ विमावाला म्हणाला. दोघांना काहीही कळलं नव्हतं. काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि तोंडात पदार्थ नसताना त्यांना गोड लागत होतं.

पण कानसेनला कान होते, ते नाकारून चालणार नाही. पाच-सहा दिवसांत त्याला बोचायला लागलं. गाणारा जागेवर नाही. ढोल वाजतोय पण पोटात लागत नाही. आता मित्रांपुढे एकदा डंका पिटलाय, मागे घेणार कसा? त्याने ठरवलं, ही केबलच भिकार. जुनी परत लावायची.

‘शिट्टी, उद्या केबल बदलायचीय. संध्याकाळच्या आत खोली साफ पाहिजे, धुळीचा कण नको.’

केबल बदलणं म्हणजे त्याच्या घरचं कार्यच असायचं. आदल्या दिवशी सूचना, खोली पुसायची, खुंट्या स्पिरिटने स्वच्छ करायच्या, मग हा माणूस हातमोजे घालून बसणार. काकूंना तेवढी सूचना पुरली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्यांनी तार सरळ करून ठेवली. संध्याकाळी त्याने ती काढली तर लालला लाल, काळ्याला काळी. जुनी केबल लावली आणि गाणं असं उमटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘तेच म्हटलं!’ तो मांडीवर थाप मारून म्हणाला. त्या रात्री तो खुशीत जेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकू घरी आल्या, दोन खुंट्या सैल केल्या, तारांची टोकं इकडची तिकडे केली, आवळल्या आणि वेळेत दुकानात परत गेल्या.

असं किती वेळा झालं म्हणता? वर्षभर चाललं. तांब्याच्या केबली आल्या, चांदीच्या मुलाम्याच्या आल्या, वेणी घातल्यासारख्या विणलेल्या आल्या. पहिल्या संध्याकाळी प्रत्येक केबल गायची आणि दुसऱ्या संध्याकाळी तिचा जीव जायचा. सूचना आली की काकू तार सरळ करायच्या, केबल बदलली की पुन्हा उलटी. शहाण्या माणसाने स्पीकरच्या मागे वाकून पाहिलं असतं. पण आपल्याच हाताने, हातमोजे घालून लावलेल्या तारेवर संशय घ्यायचा, हे त्या माणसाच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला आपली खोट कशी दिसणार? त्यापेक्षा त्याने एक सिद्धांत काढला. या घरात केबली दमतात. एका रात्रीत त्यांचा कस जातो. हे घरच आवाज खातं.

आदल्या दिवशी रीतसर सूचना देऊन तीच केबल तो डॉक्टरच्या घरी घेऊन गेला, तिथे ती छान गायली. झालं, सिद्धांत पक्का. मग घरातलं काय खातं ते शोधणं आलं. आधी पडदे गेले. मग कपड्यांचं कपाट गेलं. ओले कपडे घरात वाळत घालायचे नाहीत, दमटपणा तारेत शिरतो. भात उघड्या भांड्यात शिजवायचा नाही, वाफ होते. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आला. ‘वयाच्या मानाने कान उत्तम आहेत,’ असं ऐकून आला आणि आणखीच काळवंडला.

एका संध्याकाळी काकू दारातून डोकावल्या तर तो खुर्चीत नव्हता. डाव्या स्पीकरच्या पडद्यापाशी फरशीवर बसून, त्यावर हात ठेवून रडत होता. मुसमुसून, लहान पोरासारखा. काकूंचा जीव क्षणभर हलला, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं एका ताटावर बसलेला माणूस. सांगून टाकावं, मिटवावं, असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, ‘तू इथून हो बरं. तुझं अंगही आवाज पितं. संध्याकाळी मी ऐकत असताना तू घरात थांबतच जाऊ नकोस.’

त्या दिवसापासून काकू संध्याकाळी जिन्यात बसायला लागल्या. शेजारीण विचारायची, ‘काकू, इथे काय?’ काकू म्हणायच्या, ‘वाऱ्याला बसलेय.’ बसल्या बसल्या त्या एकच ठरवत होत्या. हे असंच संपवायचं नाही. त्याला कळलं पाहिजे, कोणी केलं ते. आणि एकट्याला कळून उपयोग नाही, त्या हसणाऱ्या मित्रांच्या देखत कळलं पाहिजे. ‘शिट्टीने केलं,’ असं त्याच्या तोंडाने म्हणायला लावायचं. त्यासाठी एक रविवार हवा होता.

रविवारची मंडळी तोवर पातळ झाली होती. कानसेनची आता चेष्टा व्हायची. ‘काय, केबलीला टॉनिक पाजलं का?’ विमावाला विचारायचा. शेवटी कानसेननेच सगळ्यांना आग्रहाने बोलावलं. म्हणाला, शेवटचं ऐकून जा, मग मी सगळं विकून टाकतो. काकूंनी ओळखलं, हाच तो दिवस. तार उलटीच ठेवली. मनात वाक्यं जुळवली. चहा नेऊन द्यायचा, ट्रे खाली ठेवायचा आणि बोलायचं.

पण दैव बघा कसं असतं! चहाला उकळी यायची होती आणि बाहेर डॉक्टरने काही न बोलता स्पीकरच्या मागे मान घातली. तोंडात मागची दाढ बघायची सवय त्या माणसाला. ‘अरे कानसेना,’ तो तिथूनच ओरडला, ‘तुझी लाल तार काळ्या खुंटीत आहे की रे!’

जो हशा उठला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. ‘घर आवाज खातं म्हणे!’ ‘असली चूक करणारा गाढव कोण म्हणायचास रे तू?’ विमावाला हसता हसता मंडळींसाठी अंथरलेल्या गादीवर आडवा झाला. नवशिकाही हसत होता, ज्याला महिन्यापूर्वी प्लस-मायनस माहीत नव्हतं तो. कानसेन खुर्चीत बसला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते. ‘मी... मी लावली? माझ्या हाताने?’

काकू ट्रे तसाच ओट्यावर ठेवून धावल्या. जुळवलेली वाक्यं गेली कुठल्या कुठे. दारात उभ्या राहून त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘मी केलं ते. मी उलटी लावली. वर्षभर मीच लावतेय.’

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. हशा थांबला. काकूंना वाटलं, आलं, आता आलं. त्या ताठ उभ्या राहिल्या.

मग डॉक्टर हळूच म्हणाला, ‘वहिनी, धन्य आहे तुमची. नवऱ्याची अब्रू झाकायला स्वतःवर घेताय.’

‘झाकायला नाही! मी खरंच—’

‘बायको असावी तर अशी,’ विमावाला उठून बसत म्हणाला. ‘आमची असती तर आधी हसली असती.’

‘अहो, ऐका तरी! हे केबल बदलणार म्हणाले की मी सरळ करायची, बदलली की दुसऱ्या दिवशी परत उलटी. लाल तार काळ्या खुंटीत, काळी लाल खुंटीत.’

‘बघा, पाठसुद्धा करून आल्यात,’ नवशिका म्हणाला, आणि या वेळी सगळे प्रेमाने हसले. प्रेमाने! तोंडावर थुंकले असते तरी परवडलं असतं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो तरी ओळखेल. वर्षभर पहिल्या दिवशी गाणं आणि दुसऱ्या दिवशी मरण, याचा हिशेब त्याला तरी लागेल. कानसेनच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला होता. तो उठला, काकूंपाशी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मित्रांदेखत त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, ‘अगं वेडे, तुला प्लस कुठलं नि मायनस कुठलं ते तरी कळतं का?’

आणि मग मित्रांकडे वळून म्हणाला, ‘कान नाहीत हिला, पण मन आहे हो.’

त्या दिवसापासून कानसेन सुधारला म्हणतात. विकायचं रद्द झालं. तार सरळ झाली, गाणारा मधोमध येऊन उभा राहिला. मंडळी पुन्हा जमायला लागली आणि दर रविवारी प्रवचनाच्या शेवटी आता नवी गोष्ट लागली. आपण एकदा कशी चूक केली, आणि आपल्या भोळ्या बायकोने ती कशी स्वतःवर घेतली. काकूंनी त्यानंतर एकदा, फक्त एकदा, तार पुन्हा उलटी करून पाहिली. संध्याकाळी त्याने दोन सूर ऐकले, उठला, मागे वाकला आणि सरळ केली. ‘झाडताना हात लागला वाटतं तुझा,’ तो मायेने म्हणाला. ‘असू दे. मी आता रोज बघत जाईन.’

आणि मग या सुधारलेल्या माणसाने वर्षभरानंतर मुलीला फोन लावला. माफी मागायला नव्हे, गोष्ट सांगायला. काकू भाजी निवडत ऐकत होत्या. सगळं साग्रसंगीत सांगून झाल्यावर त्याने फोन त्यांच्या हातात दिला आणि मुद्दाम, त्यांना मोकळं बोलता यावं म्हणून, खोलीबाहेर गेला.

काकूंनी फोन दोन्ही हातांनी धरला. ‘ऐक,’ त्या कुजबुजल्या, ‘ते सांगतात ते खोटं आहे. मी खरंच केलं गं. तू जिन्यात उभी राहिलीस ना, त्याच्यासाठी केलं. तुझ्यासाठी केलं. वर्षभर त्यांना नुसतं जाळलंय मी.’

पलीकडे बाळ काहीतरी आपटत होतं. मुलीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

‘आई,’ ती म्हणाली, आणि आवाज असा थकलेला की काकूंना तो आधी ओळखूच आला नाही, ‘पुरे झालं. त्यांची चूक झाकायची ती झाकलीस. आता माझ्या नावावर कशाला घालतेस?’

‘अगं पण—’

‘जन्मभर त्यांचीच बाजू घेतलीस तू. निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस.’

तिने फोन ठेवला. बाहेरून कानसेनने विचारलं, ‘काय म्हणाली? येतेय का?’ काकू म्हणाल्या, ‘नाही,’ आणि उरलेली भाजी निवडायला घेतली.